बेअरफूट धाटणीचे क्लाइंबिंग शूज: बाईच्या पायाला नीट बसणारा जोड कसा निवडावा

कातळ चढताना घालायचे, सपाट, पातळ तळव्याचे हे शूज जळगाव-धुळ्याच्या दुकानांत घालून बघायला मिळणं अवघड, म्हणून ऑनलाइनच मागवावे लागतात. परत घेण्याची सोय असेल तिथूनच मागवा.

पाय संध्याकाळी मोजा, तेव्हा तो थोडा फुगलेला असतो. दोन्ही पायांची लांबी आणि चवड्याची रुंदी, उभं राहून, सेंटिमीटरमध्ये. चपलेचा नंबर विसरा. त्या कंपनीचा तक्ता बघा.

आता साइज. इथे मलाही बरेच दिवस उमगत नव्हतं, कारण जो तो सांगतो, ‘दोन नंबर लहान घ्या, बोटं दुमडलीच पाहिजेत.’ या शूजसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे. बोटं दुमडून बसतात ते पुढून खाली वळलेले शूज, बाहेर झुकलेल्या कातळासाठी. पातळ तळव्याचा सगळा फायदा पायाला दगड कळण्यात आहे, आणि दुमडून बधिर झालेल्या बोटांना काहीच कळत नाही. बोटं सपाट, टोकाला जेमतेम टेकलेली हवीत.

दुसरा घोळ ‘महिलांसाठी’ या शिक्क्याचा. त्या मॉडेलची टाच बहुधा अरुंद असते, पावलाच्या वरच्या बाजूला जागाही कमी. सडपातळ पायाला ते छान बसतं. पण लहानपणापासून शेतात अनवाणी वावरलेल्या कितीतरी जणींचा चवडा रुंद असतो, त्यांची करंगळी त्यात चिरडते. त्यांनी बिनधास्त पुरुषांचा जोड घालून बघावा, मात्र टाचेत पोकळी राहता कामा नये.

जोड आला की घरात, मोजे न घालता, जिन्याच्या पायरीच्या कडेवर अंगठ्याच्या टोकावर उभं राहा. टाच निसटली तर शूज मोठा आहे. टाचेमागच्या शिरेला टोचलं तर परत पाठवा. ‘वापरून सैल होईल’ यावर विसंबू नका. बिनअस्तराचं चामडं खरंच सैलावतं, सिंथेटिक फारसं नाही. म्हणून चामड्याचा जोड सुरुवातीला घट्ट घ्या, पण दुखणारा नको.

आणि जोडवी काढाच, मोजताना आणि चढतानाही. घट्ट शूजमध्ये ती बोटात रुततात, सूज आली की निघत नाहीत. घरी कुणाला रुचणार नसेल तर आधीच बोलून घ्या, पण या बाबतीत तडजोड नको.

सुरुवातीला सोप्या, बुटक्या दगडांवर थोडा थोडा वेळच चढा. तळव्याच्या आणि पोटऱ्यांच्या स्नायूंना सवय लागायला वेळ लागतो. आपल्या बेसाल्टच्या कडा धारदार असतात. पाय घासत वर नेलात तर पातळ रबर लवकर जातं, तेव्हा जागा बघून पाय ठेवा. लळिंगसारख्या गडाची पायवाट साध्या बुटांनी चढा, हे शूज कातळाशी पोचल्यावर घाला.

मे महिन्यात भुसावळकडे पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या कातळावर रबर मऊ पडतं, तेव्हा चढाई हिवाळ्यातल्या सकाळीच. शूज बंद गाडीत किंवा पत्र्याखाली ठेवू नका, चिकटवण सुटते. ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. अंगठ्याखालचं रबर झिजून भोक पडण्याआधीच तळवा बदलायला पाठवा. तळव्याच्या वर बोटांभोवती असलेल्या रबरी पट्टीपर्यंत झीज गेली की खर्च वाढतो.