ग्लायडर क्लबमध्ये टप्प्याटप्प्याचं प्रशिक्षण सुरू करताय? या चुका टाळा

पहिली चूक कागदावरच होते. दुसऱ्या क्लबचा तयार अभ्यासक्रम घेतला, छापला, प्रत्येक शिकाऊ वैमानिकाच्या हाती दिला आणि झाली योजना, असं होत नाही. बरेच अभ्यासक्रम विमानाने ओढून नेलेल्या ग्लायडरसाठी लिहिलेले असतात. ६०० मीटरवर सोडलं की वळणं, स्टॉल (वेग पडून पंखांचा आधार सुटणं) आणि सर्किट (उतरण्याआधी मैदानाभोवतीची ठरलेली फेरी) असं सगळं एका उड्डाणात बसतं. हडपसरच्या मैदानावर ग्लायडर चढतं ते विंचने, म्हणजे जमिनीवरून केबल गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने. समजा ४०० मीटर उंची मिळाली आणि सर्किटसाठी त्यातली २०० राखून ठेवली, तर सरावाला उरतात २००. थर्मल (वर चढणारी गरम हवा) नसेल तर ग्लायडर सेकंदाला साधारण १ मीटर खाली येतं, म्हणजे हाताशी जेमतेम ३ मिनिटं. त्या ३ मिनिटांत एकच धडा होतो. अभ्यासक्रमाचे तुकडे याच मापाने पाडा: एक लाँच, एक धडा, आणि तो कुठला हे केबल अडकवण्याआधी दोघांनाही ठाऊक.

दुसरं गणित रविवारचं. दोन आसनी ग्लायडर एकच असेल आणि एका फेरीला १० मिनिटं लागत असतील, तर ९ ते १२ या वेळात फार तर १८ लाँच होतात. १२ जण आले आणि सगळ्यांना 'थोडं थोडं' वाटलं, तर वाट्याला येतं एखादं उड्डाण, फार तर दोन. आठवड्याला एक उड्डाण मिळालं तर मागच्या रविवारी जमलेलं आठवण्यातच ते संपतं. त्याऐवजी ६ जणांना लागोपाठ ३-३ लाँच द्या. बाकीचे ६ जण पुढच्या रविवारी. ज्यांची पाळी नाही त्यांना विंचजवळ, पंख धरायला, केबल आणायला लावा आणि तेही शिक्षण म्हणून प्रत्येकाच्या प्रगतीच्या कार्डावर लिहा. पंख धरणारा तो घट्ट पकडून ठेवतो, ही नेहमीची चूक. पंख नुसता तोलायचा असतो. घट्ट धरला तर तो खाली पडू पाहतोय हे वैमानिकाला कळतच नाही.

आता कार्डाविषयी, कारण योजना टिकते ती त्यावर. शिकाऊ वैमानिकाला दर रविवारी तोच प्रशिक्षक मिळेल याची खात्री नसते. म्हणून कार्ड लिहायचं ते पुढच्या प्रशिक्षकासाठी. 'वळणं – ठीक' या शेऱ्यातून त्याला काहीच कळत नाही. चार पायऱ्या ठेवा: दाखवलं, हात धरून केलं, तोंडी सूचनेवर केलं, न सांगता केलं. शेजारी एक ओळ: 'डावीकडे वळताना रडर उशिरा, सुताचं टोक उजवीकडे जातं, डावा पाय हवा.' (रडर म्हणजे पायाने फिरवायचं शेपटीचं सुकाणू; सूत म्हणजे काचेवर बाहेरून चिकटवलेला, हवेची दिशा दाखवणारा धागा.) एवढं वाचलं की पुढचा माणूस नेमकं तिथूनच सुरू करतो. सोलोचा, म्हणजे एकट्याने उडू देण्याचा, निर्णयही चौथ्या पायरीवरून घ्यावा, उड्डाणांच्या आकड्यावरून नव्हे. 'दिवाळीपर्यंत सोलो' असं कुणालाही सांगू नका. तारीख दिली की प्रशिक्षकाच्याही नकळत शेरे सैल पडू लागतात.

कार्ड एक पण शिकवण चार प्रकारची, असंही घडतं. एक जण वेग क्षितिजावरून धरायला सांगतो, दुसरा काट्याकडे बघायला. काट्याकडे बघून उडवलं की नाक वरखाली होत राहतं, कारण काटा मागाहून सांगतो. योजना सुरू होण्याआधी प्रशिक्षकांनी एकमेकांना पुढच्या आसनावर बसवून उड्डाणं करावीत आणि प्रत्येक धड्याचे शब्द ठरवून घ्यावेत.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे लाँच बिघडण्याचा सराव सोलोच्या आदल्या दिवशी उरकणं. विंचवर ग्लायडर जवळजवळ ४५ अंशांत नाक वर करून चढत असतं. केबल तुटताच वेग झपाट्याने उतरतो. शिकाऊ वैमानिक काठी पुढे ढकलतो, नाक क्षितिजाखाली येतं, ग्लायडर नेहमीच्या उतरण्याच्या स्थितीत दिसू लागतं आणि त्याला वाटतं, सावरलं. पण स्थिती आली म्हणजे वेग आला असं नाही. तो यायला आणखी काही सेकंद लागतात. त्या अवधीत एअरब्रेक (ग्लायडर लवकर खाली आणणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) उघडले किंवा वळण सुरू केलं तर स्टॉल, आणि वळणात असाल तर स्पिन (गरगरत खाली कोसळणं), तीही सावरायला उंची नसताना. म्हणून क्रम पक्का हवा: नाक खाली, उतरण्याचा वेग काट्यावर प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबणं, केबल सोडण्याची मूठ दोनदा ओढणं, आणि मगच निर्णय. समोर उतरता येत असेल तर समोरच उतरायचं.

हा सराव पहिल्या काही धड्यांपासून कार्डभर पसरवा: वरच्या उंचीवर, मधल्या उंचीवर, खाली. अगदी कमी उंचीचा सराव मात्र त्याचं खास शिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकानेच द्यावा. केबल तुटल्याचा धक्का जाणवतो. विंचची ताकद हळूहळू कमी होते तेव्हा तसा धक्का नसतो, आणि हात नकळत काठी ओढतच राहतो. दोन्हींसाठी कार्डावर वेगळे रकाने हवेत. तिसरा रकाना पंख पडण्याचा: पंख सावरत नाही असं वाटताच, तो जमिनीला टेकण्याआधी केबल सोडायची. त्यासाठी डावा हात सुरुवातीपासून मुठीवरच असला पाहिजे.

सर्किट शिकवताना 'कालव्यावर आलास की वळ, २०० मीटर झाले की वळ' ही सोपी वाट वाटते. तसं शिकलेला माणूस वारा बदलला की चुकतो आणि शेतात उतरायची वेळ आली तर त्याच्याकडे ना कालवा असतो ना भरवशाचा आकडा. उतरण्याची जागा कोणत्या कोनात दिसते यावरून अंतर ओळखायला शिकवा. सोलोआधी दोन-तीन सर्किट उंचीमापक झाकून करून घ्या आणि तशी नोंद ठेवा.

उतरण्याच्या वेगाचा ढोबळ नियम: स्टॉलच्या वेगाच्या दीडपट, अधिक वाऱ्याचा निम्मा वेग. स्टॉल ६० किमीवर आणि वारा २० किमी असेल तर ९० अधिक १०, म्हणजे १००. ग्लायडरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा जवळपास १,६०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. काट्यावर ९० असताना खरा वेग ९७ च्या आसपास असतो. जमीन वेगाने सरकताना दिसते, म्हणून शिकाऊ वैमानिक काठी मागे घेतो आणि वेग गमावतो. त्याला आधीच सांगून ठेवा: काट्यावरचा आकडा तोच राहणार, फक्त उतरल्यावर जमिनीवर घसरत जाणं लांबेल.

राहिला पावसाळा. जून ते सप्टेंबर मैदान ओलं, केबल चिखलात. या महिन्यांत हवामान, नियम, लोहगाव विमानतळाच्या हवाई क्षेत्राच्या मर्यादा, विंचची देखभाल असे वर्ग घ्या, पण ते सरावाची जागा घेतील अशी आशा धरू नका. ऑक्टोबरसाठी कार्डावर वेगळी पायरी छापा: मे महिन्यात न सांगता जमणारी प्रत्येक गोष्ट एक पायरी खाली आली असं धरायचं आणि प्रशिक्षकासोबत पुन्हा वर आणायची. आधी सोलो झालेल्यांनाही हेच लागू. त्यांच्या पहिल्या दोन लाँचपैकी एक मधल्या उंचीवर, आधी न सांगता तोडायची.