बळकावलेली गादी पक्की कशी केली जाई : अलाउद्दीन खिलजीची पद्धत

१२९६ च्या जुलैत कडा या गावाजवळ गंगेकाठी अलाउद्दीनने दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याचा खून करवला. जलालुद्दीन त्याचा चुलता आणि सासराही. अशा गादीला वारसदार, सरदार, घरचे पुतणे अशा सगळ्यांकडूनच धोका. तरी तो वीस वर्षं टिकला. त्याने काय केलं, ते क्रमाने पाहू.

१. आधी रोकड हाती घेतली

हा पैसा आपल्या देवगिरीचा होता, हे मराठी वाचकाने विसरू नये. खुनाच्या काही महिने आधी त्याने रामदेवराय यादवावर अचानक झडप घालून अपार सोनं-मोती नेलं होतं. दिल्लीच्या वाटेवर तो मुक्कामोमुक्कामी छोट्या मंजनिकातून, म्हणजे दगडफेकीच्या यंत्रातून, सोन्याच्या चांदण्या गर्दीवर उधळायचा. फौज फुगत गेली. त्याला अडवायला धाडलेले जलाली, म्हणजे जलालुद्दीनच्या बाजूचे, सरदारही सोनं घेऊन त्यालाच मिळाले.

२. वारसांचा बंदोबस्त केला

जलालुद्दीनचे मुलगे मुलतानात होते. गादीवर बसताच भाऊ उलुघखान आणि सेनापती जफरखान यांना तिकडे धाडलं. मुलगे शरण आले, तरी त्यांचे डोळे काढले. आंधळ्याला कोणी राजा मानणार नाही, हा त्यामागचा हिशेब. शरण आलेल्यांशी असं वागणं मला या साऱ्या कहाणीत सर्वांत हिडीस वाटतं.

३. फितुरांना दूर केलं

ज्यांनी सोनं घेऊन जुन्या धन्याला सोडलं, त्यांची मालमत्ता जप्त झाली. कोणी तुरुंगात गेले, कोणी आंधळे झाले. ज्या तीन जलाली सरदारांनी पैसा घेतलाच नव्हता, तेवढे वाचले.

४. बंडाच्या वेळी जागा सोडली नाही

१३०१ मध्ये रणथंभोरच्या किल्ल्याच्या वेढ्याकडे जाताना, दिल्लीजवळच्या तिलपतपाशी शिकारीत पुतण्या अकतखानाने त्याच्यावर बाण सोडले. दंडाला जखम होऊन तो पडला. पायदळातल्या रक्षकांनी ढालींचा आडोसा केला आणि सुलतान मेल्याची ओरड केली. अकतखान घाईघाईने छावणीत जाऊन तख्तावर बसला, पण जनानखान्याच्या दारात तिथला रखवालदार मलिक दीनारने त्याला अडवलं : आधी सुलतानाचं डोकं दाखव. इकडे अलाउद्दीन जखम बांधून उठला आणि पांढरं छत्र धरून उंचवट्यावर उभा राहिला. छत्र दिसताच फौज परतली. अकतखान पळाला आणि मारला गेला.

त्याच वेढ्याच्या काळात दिल्लीत हाजी मौलाने खोटं फर्मान दाखवून कोतवालाला मारलं, खजिना वाटला आणि पूर्वीचा सुलतान इल्तुतमिश याच्या नात्यातल्या एका अलवी (अलीच्या वंशातल्या) माणसाला गादीवर बसवलं. अलाउद्दीनने ही खबर फौजेत फुटू दिली नाही, वेढाही उठवला नाही. सुलतानाशी निष्ठावान सरदार मलिक हमीदुद्दीनने काही दिवसांतच हाजीला संपवलं.

५. बंडाची मुळं शोधली

मग सल्लागारांना बसवून कारणं काढली. चार निघाली : लोकांची खबर नसणं, दारूच्या बैठका, सरदारांची आपसातली सोयरीक आणि हाती खेळणारा पैसा. मग त्यावर इलाज सुरू झाले. इनाम जमिनी खालसा केल्या. घराघरांत हेर बसवले. सरदार दरबारात तोंडाने बोलायचे टाळून खुणांनी बोलू लागले. परवानगीशिवाय सरदारांत लग्नं आणि जमणं बंद झालं. दारूबंदी लावताना त्याने स्वतःची दारूही बदायूं दरवाजापाशी ओतवली. पावसाळ्यासारखा चिखल झाला, असं तवारीखकार (इतिहासकार) बरनी लिहितो.

त्याची खरी धास्ती लोकांच्या एकत्र बसण्याची होती, असं मला वाटतं. कारण पुढे ही दारूबंदी त्याने स्वतःच सैल केली : घरात गाळून एकट्याने प्यायला मुभा मिळाली, विक्री आणि मैफल मात्र बंदच राहिली.