आय-टू-सी ड्रायव्हर तपासताना परत येणारे मूल्य पाहा

लिनक्स कर्नलमधील आय-टू-सी बसवरच्या (चिपना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीवरच्या) उपकरणाचा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा कोड, तपासताना प्रत्येक ट्रान्सफर फंक्शनने परत केलेल्या मूल्याचे पुढे काय होते, हे सर्वप्रथम पाहावे. ‘आय-टू-सी ट्रान्सफर’ हे फंक्शन यशस्वी झाल्यास शून्य नव्हे, तर पार पडलेल्या संदेशांची संख्या परत करते. त्यामुळे केवळ ऋण मूल्य तपासणारा कोड पुरेसा ठरत नाही. एसएमबस (आय-टू-सीवर आधारित नियमसंच) पद्धतीने एक बाइट वाचणारे फंक्शन ३२ बिटांचे चिन्हासहित मूल्य देते आणि ते थेट ८ बिटांच्या चिन्हरहित चलात साठवल्यास, उपकरणाने प्रतिसादच न दिल्याचा -६ हा त्रुटिसंकेत निमूटपणे २५० होऊन बसतो व सेन्सरचे खरे वाचन वाटतो; ही चूक अनुभवी हातांकडूनही होते. एसपीआय (चिपना जोडणारी दुसरी एक बस) ड्रायव्हर असल्यास ट्रान्सफरचा बफर (माहिती ठेवण्याची जागा) स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, ठेवलेला नाही ना, तेही पाहावे, कारण तो डीएमएसाठी (प्रोसेसरला वगळून उपकरणाने मेमरी थेट वाचण्या-लिहिण्यासाठी) सुरक्षित नसतो.