दूषित जागेचा गाळ पावसात नाल्यात जातो, तो या चुकांमुळे

जुन्या कीटकनाशकाच्या गोदामाखालची माती असो की तेल मुरलेलं वर्कशॉपचं आवार, तिथे सफाईचं खोदकाम सुरू झालं की सगळ्यात जास्त भीती गढूळ पाण्याची. शिसं, डीडीटी असे पदार्थ पाण्यात फारसे विरघळत नाहीत. ते मातीच्या बारीक कणांना चिकटतात आणि त्या कणांसोबत नाल्यात, नाल्यातून खालच्या वावरात पोचतात. विदर्भाच्या काळ्या मातीत असे चिकण कण बरेचदा निम्म्याहून जास्त असतात. मुरमाड जमिनीवर जमणारा बंदोबस्त इथे म्हणूनच फसतो.

पहिल्या पावसावर भरवसा. मे महिन्यात काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनचा पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात, बाहेर काही जात नाही आणि सगळं ठीक वाटतं. दोन-तीन पावसांत माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचा पाऊस बहुतेक वरूनच वाहतो. भेगांतून उतरलेलं पाणी विषही खोल नेतं, ते वेगळंच. मृगाआधी उघडी जागा कमीत कमी ठेवा. आठवड्यात उचलता येईल तेवढंच खोदा, ढीग ताडपत्रीने झाका आणि कडा मातीच्या पोत्यांनी दाबा.

वरच्या वावराचं पाणी आत येऊ देणं. १ हेक्टरवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५०० घनमीटर पाणी. जमीन ओली असताना त्यातलं ३०० ते ३५० घनमीटर सहज वाहतं. वरचं २ हेक्टरचं चांगलं पाणी त्यात मिसळलं की तिप्पट पाणी सांभाळावं लागतं, आणि तेही सगळं दूषित. चढाच्या बाजूने चर आणि धुरा काढून ते बाहेरच वळवा. हे काम सगळ्यात स्वस्त, आणि नेमकं हेच राहून जातं.

हिरवी शेडनेट बांबूला बांधणं. तिची भोकं चिकणमातीसाठी दरवाजासारखी उघडी असतात. पाणी झिरपू देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइल कापडच वापरा. १५ सेंमी रुंद, १५ सेंमी खोल चर खणून कापडाचं खालचं टोक चढाच्या बाजूला वळवून पुरा आणि माती धुम्मसाने ठोका. खुंट्या दर २ मीटरवर, उताराच्या बाजूने. कापडाची दोन्ही टोकं चढाकडे वळवा, नाहीतर पाणी बगलेने निघून जातं. पावसाचा खंड पडला की चरातली माती आकसते आणि कापडाखाली फट पडते. खंडानंतर पुन्हा ठोका. हे कापड नाल्यात आडवं कधीच लावू नका. तिथे दगडी बांध घाला, मधला भाग कडांपेक्षा १५ सेंमी खाली ठेवून.

जागेवरचं गढूळ पाणी साठवायच्या तळ्यात एका दिवसात गाळ बसेल असं मानणं. ०.०२ मिमीचा कण १ मीटर खाली जायला पाऊण-एक तास घेतो. ०.००२ मिमीच्या चिकण कणाला साधारण ३ दिवस लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. तेवढ्यात पुढचा पाऊस येतो. म्हणून तुरटी लागते, पण अंदाजाने नाही. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. तळ्यातल्या गढूळ पाण्याच्या चार १ लिटरच्या पारदर्शक बाटल्या भरा आणि त्यांत २, ३, ५ आणि ८ मिलि द्रावण टाका. मिनिटभर जोरात, मग १० मिनिटं हळू ढवळा आणि अर्धा तास तसंच ठेवा. कापसाच्या पेळूसारखे पुंजके तळाशी बसून वर पाणी निवळलं, अशी सगळ्यात कमी मात्रा निवडा. ५ मिलि जमलं तर ३०० घनमीटरला १५ किलो. खडे तळ्यात फेकू नका. पिंपात विरघळवून, पाणी आत पडतं तिथे धार सोडा. पीएच ६ ते ८ मध्ये राहू द्या, खाली गेला तर चुन्याची निवळी. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात सोडियममुळे माती पाण्यात तरंगतीच राहते. तिथे १०० घनमीटरला ३० किलोच्या आसपास बारीक जिप्सम पसरून टाकून बघा.

पंपाचं फुटव्हॉल्व्ह तळाला टाकलं की बसलेला गाळ परत बाहेर. ते रिकाम्या कॅनला बांधून पाण्याच्या वरच्या थरात तरंगतं ठेवा.

निवळलं म्हणजे निर्धोक झालं, असंही नाही. नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा तरंगत्या घन कणांची १०० मिग्रॅ प्रति लिटर आणि पीएच ५.५ ते ९ अशी आहे. त्या जागेवरच्या विषाची तपासणी वेगळी करून घ्या, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या परवानगीतली अट कडक असेल तर तीच पाळा.

तळं एक तृतीयांश गाळाने भरलं की उपसा. हा गाळ धुऱ्यावर टाकू नका. गाळमुक्त धरण योजनेमुळे गावात गाळ म्हणजे सोनं असा समज पक्का आहे. धरणाच्या गाळाचं ते खरंच आहे, आणि म्हणूनच लोक ट्रॅक्टर घेऊन येतील. तळ्याला कुंपण घाला, मराठीत ठळक पाटी लावा आणि सरपंचांना आधी सांगा. उपसलेला गाळ जाड प्लास्टिकवर वाळवा, झाकून ठेवा. तपासणीत घातक ठरला तर तो बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रातच गेला पाहिजे, कचरा वाहतुकीच्या कागदपत्रांसह.