‘मॅडम, फर्मा पुरा होत नाही’ : शाळेचा वार्षिकांक काढताना या चुका टाळा

दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षकखोलीत सूचना फिरते : वार्षिकांकासाठी साहित्य जमा करावे. संपादक म्हणून मराठीच्या बाईंचं नाव बहुतेक ठरलेलंच असतं. बाईंचं शुद्धलेखन पक्कं, निबंध तपासण्यात हात बसलेला. पण प्रेसच्या काउंटरवर प्रश्न येतात ते असे : “साईझ काय? किती फर्मे? आत मॅपलिथो की आर्ट पेपर? सेंटर पिन की परफेक्ट?” बाई म्हणतात, “मागच्या वर्षीसारखंच करा, फक्त छान करा.” पुढे अंकात जे जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या एका वाक्यात पेरलेलं असतं. छपाईवाले मुद्दाम फसवतात असं नाही. ते त्यांच्या शब्दांत बोलतात, आपण मान डोलावतो, आणि बिल आल्यावर दोघंही चिडतात.

आधी आपण काय काढतोय ते ठरवा. वार्षिकांक म्हणजे मुलांच्या कथा-कविता, अहवाल, चित्रं. स्मरणिका एखाद्या निमित्ताची असते, रौप्यमहोत्सवाची वगैरे. तिच्यात शुभेच्छा आणि जाहिराती जास्त. आणि हल्ली दहावीची मुलं मागतात ते इयरबुक म्हणजे प्रत्येक मुलाचा फोटो, नाव आणि वर्षभरातले प्रसंग. तिन्ही एकाच अंकात कोंबण्याचा मोह आवरा. मंत्रिमहोदयांच्या शुभेच्छा आणि संस्थाचालकांची मनोगतं यांत पहिली बारा पानं गेली, तर मुलांच्या वाट्याला उरतं काय?

“चार पानं वाढताहेत, काय करू?”

प्रेसच्या भाषेत पान म्हणजे कागदाची एक बाजू. मोठ्या कागदाच्या एका बाजूवर आठ आणि पाठीमागे आठ अशी सोळा पानं छापतात, मग घडी घालून कापतात. हा सोळा पानांचा गठ्ठा म्हणजे फर्मा. काही प्रेसची मशिनं लहान असतात, तिथे फर्मा आठ पानांचा धरतात. म्हणून दर विचारण्याआधी “तुमचा फर्मा किती पानांचा?” हे विचारायचं.

आता समजा मजकूर ८४ पानं झाला. पाच फर्मे म्हणजे ८० पानं, आणि चार पानं लोंबकळत राहिली. त्या चार पानांसाठी वेगळ्या प्लेटा (ज्यांवरून छापतात ते पत्रे), वेगळं मशीन लावणं. खर्च चार पानांचा वाटतो, पण येतो त्याहून बराच मोठा. उपाय दोनच : चार पानं कापून ८० वर या, किंवा अर्धा फर्मा धरून ८८ करा. मुखपृष्ठ-मलपृष्ठाची चार पानं या हिशेबात धरायची नाहीत, ती वेगळ्या जाड कागदावर वेगळी छापली जातात. जाहिरात देणारा “कव्हर टू” किंवा “कव्हर थ्री” म्हणतो तेव्हा त्याला मुखपृष्ठाची आणि मलपृष्ठाची आतली बाजू हवी असते.

कागदाचा हिशेबही यातूनच निघतो. ९६ पानं म्हणजे सहा फर्मे, प्रत्येक प्रतीला सहा मोठे कागद. ५०० प्रतींना ३००० कागद, म्हणजे ५०० कागदांच्या सहा रिम, वर थोडं वेस्टेज. हा आकडा स्वतः काढून गेलात की अंदाजपत्रक वाचता येतं.

सगळ्यात महागडी चूक रंगीत पानांची. संमेलनाचे फोटो रंगीत हवेत म्हणून पान १४, ३७, ५२ आणि ७८ रंगीत सांगितलं जातं. चारही पानं वेगवेगळ्या फर्म्यांत पडली, की चार फर्म्यांना चार रंगांच्या प्लेटा आल्या. त्याऐवजी रंगीत फोटो सगळे एका फर्म्यात घ्या, तो फर्मा आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत चकचकीत कागदावर छापा, बाकी अंक एकरंगी राहू द्या. दिसायलाही ते बरं दिसतं.

साईझच्या बाबतीत “ए-फोर” हा शब्द जपून वापरा. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. आपल्याकडे सर्रास मिळणारा छपाईचा कागद २३ बाय ३६ इंची. त्यावर एका बाजूला आठ पानं बसवायची तर २९७ च्या दोन उंच्या म्हणजे ५९४ मिलिमीटर लागतात, आणि २३ इंच भरतात ५८४. दहा मिलिमीटर कमी पडतात. मग एक तर मोठा कागद घ्यावा लागतो, नाही तर प्रेसमध्ये पानं लावणारा ऑपरेटर न विचारता सगळं थोडं आखडतं घेतो आणि कडेची अक्षरं कटिंगच्या अंगावर येतात. “कागद वाया न जाता जास्तीत जास्त कोणती कट साईझ (कापल्यानंतरचं माप) मिळेल?” असं विचारा आणि मजकूर लावायच्या आधी ती साईझ लेखी घ्या.

मधल्या रांगेतला मुलगा गायब

सेंटर पिन म्हणजे पानं एकात एक घालून मधोमध पिना मारणं. पानसंख्या चारच्या पटीत हवी. अंक जाड असेल तर तो मिटत नाही, फुगून बसतो, आणि आतली पानं बाहेर सरकल्याने कटिंगमध्ये त्यांची कड जास्त कापली जाते. परफेक्ट बाइंडिंगमध्ये पाठीला गोंद लावून कव्हर चिकटवतात. ऐंशी-शंभर पानांना तेच योग्य, शिवाय त्या पाठीवर वर्षही छापता येतं. मात्र असा अंक सपाट उघडत नाही, त्यामुळे आतला समास मोकळा सोडावा लागतो. हौसेनं इयत्तेचा ग्रुप फोटो दोन पानांवर पसरवला, की बरोबर मधे बसलेले वर्गशिक्षक शिवणीत जातात. सेंटर पिनच्या अंकातही अगदी मधली जोडपानं तेवढी एका अखंड कागदावर असतात. ग्रुप फोटो पसरवायचाच असेल तर तिथे, नाही तर एका पानावर आडवा.

पानाभोवती चौकट काढण्याची शाळांना फार आवड. माझं मत विचाराल तर काढूच नका. कटिंग केसभर तिरकं गेलं तरी चौकट एका बाजूला जाड, दुसरीकडे बारीक दिसते. रंग किंवा फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कापायच्या रेषेच्या बाहेर तीन मिलिमीटर वाढवून ठेवावा लागतो. याला ब्लीड म्हणतात. ब्लीड नसेल तर कडेला पांढरा दोरा दिसतो, आणि छापल्यावर त्याला इलाज नाही.

“फोटो फाटतोय”

हे ऐकलं की समजा, फोटो व्हॉट्सॲपवरून आला आहे. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो तिथे आक्रसतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, त्यालाच डीपीआय म्हणायची पद्धत आहे. १६०० ला ३०० ने भागा : सुमारे सव्वापाच इंच. म्हणजे एका मुलीचा चषक घेतलेला फोटो अर्ध्या पानावर सुरेख येईल, पण साठ मुलांचा वर्ग आठ इंचांवर ताणला तर मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांचे ठिपके होतात.

संगणकावर डीपीआयच्या चौकटीत ३०० टाइप करून उपयोग नाही. नसलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, चेहरा काही परत येत नाही. फोटोग्राफरकडून मूळ फाइली पेनड्राइव्हवर घ्या. मोबाइलवरूनच यायच्या असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. वर्डमध्ये चिकटवून दिलेले फोटो आणि स्क्रीनशॉट घ्यायचेच नाहीत, कितीही गयावया केली तरी.

फोटो उलटा छापला जाणं हा वेगळाच प्रकार. पानावर शोभावा म्हणून ऑपरेटर कधी फोटो आरशासारखा फिरवतो, सेल्फी तर आधीच फिरलेली असू शकते. मग “डावीकडून” म्हणून दिलेली नावं उलट्या माणसांना लागतात. गणवेशाचा खिसा कुठल्या बाजूला आहे आणि मागच्या फलकावरची अक्षरं सरळ आहेत का, एवढं पाहिलं की पकडता येतं.

“फाँट उडाला”

मुलं-शिक्षक मोबाइलवर टाइप करतात ते युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइल-संगणकावर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत. बऱ्याच प्रेसमध्ये अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपीसारखे जुने फाँट चालतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, तिला युनिकोड कळत नाही. त्यामुळे ऑपरेटर मजकूर ‘कन्व्हर्ट’ करतो आणि तिथे गडबड होते. जुन्या फाँटांनी इंग्रजी अक्षरांच्या जागाच मराठी अक्षरांना दिलेल्या असतात, म्हणून लेखातला एखादा इंग्रजी शब्द किंवा ईमेल पत्ता अचानक अगम्य मराठी होऊन बसतो.

अशा प्रूफात, म्हणजे तपासायला दिलेल्या नमुना छापात, काही जागा आधी बघायच्या : ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतला ऱ, ‘ॲ’ आणि ‘ऑ’, रफार भलत्या अक्षरावर गेलाय का, अवतरणचिन्हं आणि कवितेच्या तुटलेल्या ओळी. वर्ड फाइलबरोबर तिची पीडीएफ किंवा छापील प्रत द्या, म्हणजे मूळ मजकूर कसा होता ते ऑपरेटरला दिसेल. आणि अंतिम फाइल घेताना “कर्व्ह केली का?” विचारा. कर्व्ह केल्यावर अक्षरांची चित्रं होतात, दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तरी ती बदलत नाहीत. मात्र त्यानंतर एक वेलांटीसुद्धा सहज दुरुस्त होत नाही, म्हणून ही पायरी प्रूफं संपल्यावरच.

रंगांबद्दल थोडक्यात. पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई निळसर, गुलाबीसर, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी. मोबाइलवर झगझगणारा हिरवा कागदावर मंदावणारच. मुखपृष्ठाचं रंगीत प्रूफ कागदावर मागा. मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवायला सांगा; चार रंगांतून काळा केला तर प्लेट जराशी हलल्यावर अक्षरांना रंगीत सावली येते.

कागद ग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन, जीएसएम. आत ७० ते ८० चा मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, फोटोंना १३० चा आर्ट पेपर, कव्हरला २५० ते ३०० चं आर्ट कार्ड आणि त्यावर लॅमिनेशन, एवढं पुरतं. कोटेशनमध्ये नुसतं ‘चांगला कागद’ लिहिलं असेल तर ते परत पाठवा.

प्रूफ कोणी वाचायचं

ज्यानं लिहिलं त्यानं नाही. पहिलं प्रूफ मुद्रितशोधनाचं, दुसरं दुरुस्त्या झाल्या का ते ताडण्याचं, तिसरं फक्त नावं, फोटोओळी, अनुक्रमणिका आणि पानांचे आकडे यांचं. दुरुस्त्या फोनवर सांगू नका. प्रूफावर लाल शाईने, समासात, तारीख टाकून लिहा. मुलांची नावं हजेरीपटावरून न घेता शाळेच्या प्रवेशनोंदीच्या जनरल रजिस्टरशी ताडून घ्या. हजेरीत आडनावं आखूड केलेली असतात आणि घरी अंक गेल्यावर आजोबांना पहिलं तेच दिसतं.

इयरबुकमध्ये मुलांचे मोबाइल नंबर, पत्ते, जन्मतारखा छापायची जुनी पद्धत सोडून द्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या डिजिटल माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, आणि अंकाची पीडीएफ पालकांच्या ग्रुपवर पडली की ती कुठवर जाईल सांगता येत नाही. संमतिपत्र जूनमध्ये, प्रवेशाच्या कागदांबरोबर घेतलं तर डिसेंबरात धावपळ होत नाही.

शेवटच्या प्रूफावर ‘छापण्यास हरकत नाही’ लिहून सही करायची, त्याला प्रिंट ऑर्डर म्हणतात. त्या सहीखाली प्रतींची संख्या, कट साईझ, कागद, बाइंडिंग आणि रंगीत फर्मा कितवा, एवढं लिहून त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

आणि तरीही चूक दिसलीच तर पहिला प्रश्न प्रेसला हा विचारा : “कितव्या फर्म्यात आहे, आणि बाइंडिंग झालंय का?” बाइंडिंग व्हायचं असेल तर पूर्ण अंक बाद होत नाही, तेवढा फर्मा नव्याने छापून बदलता येतो. बाइंडिंग झालं असेल आणि चूक एखाद्या मुलाच्या नावाची असेल, तर त्याच कागदावर, त्याच टाइपात छापलेली पट्टी त्या जागी डकवून घ्या. शुद्धिपत्राची सुटी चिठ्ठी घालू नका. ती वाटपाच्या दिवशीच शाळेच्या पटांगणात पडलेली असते.