नगरसेवकाकडून प्रभागातलं काम कसं करून घ्यायचं (पुण्यापुरतं सांगतोय, पण बाकीकडे पण चालेल)

मार्च २०२२ ला पुणे महापालिकेची मुदत संपली आणि तेव्हापासून जवळजवळ चार वर्षं सगळा कारभार प्रशासकाकडे होता, जानेवारी २०२६ ला एकदाचं मतदान झालं आणि आता परत आपल्याला नगरसेवक आहेत. आणि आल्या आल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुरू, "दादांना टॅग करा", "ताईंना फोटो टाका". मग दादांचा अंगठा येतो, दोन नमस्कार येतात, आणि खड्डा तिथेच. म्हणून हे लिहितोय. नगरपालिकेत राहत असाल तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी धरा, बाकी बरंचसं तसंच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसवा. नगरसेवक स्वतः खड्डा बुजवू शकत नाही. जेई (कनिष्ठ अभियंता), आरोग्य निरीक्षक, मुकादम हे सगळे आयुक्तांच्या हाताखाली काम करतात, नगरसेवकाच्या नाही. दादांनी फोन केला की जेई धावत येतो ते वजनामुळे, अधिकारामुळे नाही. अधिकार म्हणाल तर तीन ठिकाणी: बजेटमध्ये पैसे टाकायला लावणं, मुख्य सभेत (म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेत) प्रश्न विचारणं, आणि प्रभाग समितीच्या (आपल्या भागातल्या प्रभागांच्या नगरसेवकांची समिती) मीटिंगमध्ये अधिकाऱ्याला समोर बसवून जाब विचारणं. म्हणजे ज्या कामाला नवीन पैसा लागतो किंवा जे काम अधिकारी मुद्दाम दाबून बसलाय, तिथे नगरसेवक. कचरा उचलला नाही, दिवा बंद आहे, चेंबरचं झाकण फुटलंय, हे पीएमसी केअरवर (महापालिकेचं तक्रारीचं ॲप) टाका नाहीतर क्षेत्रीय कार्यालयात (महापालिकेचं आपल्या भागातलं ऑफिस) तक्रार द्या आणि तक्रार नंबर जपून ठेवा. त्या नंबरवर काहीच झालं नाही तर मग तोच नंबर घेऊन नगरसेवकाकडे जायचं. लोक उलटं करतात, बंद दिव्यासाठी दादांना रात्री अकराला फोन आणि ज्या पावसाळी लाईनला (पावसाचं पाणी वाहून नेणारी लाईन) लाखो रुपये लागणार तिच्यासाठी ॲपवर तक्रार.

आणि महापालिकेचं आहे का तेही बघा की राव. घरातली लाईट गेली तर महावितरण, रस्त्यावरचा दिवा महापालिका. बस पीएमपीची. काही मोठे रस्ते पीडब्ल्यूडीचे किंवा हायवे प्राधिकरणाचे असतात, तिथे नगरसेवक फार तर पत्र देऊ शकतो.

आता जायचं कोणाकडे. मुंबईत सोपंय, एका वॉर्डाला एक नगरसेवक. पुण्यात एका प्रभागात चार, एका प्रभागात तर पाच. त्यामुळे "तो भाग माझ्याकडे नाही हो, तुम्ही अमक्यांना भेटा" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. आपापसात त्यांनी गल्ल्या वाटून घेतलेल्या असतात, पण कायद्याने चारही जण पूर्ण प्रभागाचे आहेत. उपाय साधा आहे, एकच पत्र चौघांच्या नावाने काढा, चौघांना द्या, आणि पत्रात खाली चौघांची नावं प्रत म्हणून दिसू द्या. वेगवेगळ्या पक्षाचे असतील तर उत्तमच, दुसऱ्याने आधी नारळ फोडू नये म्हणून पहिला हलतो.

अजून एक. राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि बऱ्याच ठिकाणी फोन ताईंचे मिस्टर उचलतात, ऑफिसात पण तेच बसलेले असतात. ते "मीच बघतो सगळं" म्हणतील. गोड बोला, चहा प्या, पण पत्र ताईंच्याच नावाने आणि शक्यतो ताईंच्याच हातात. सभेत उठून प्रश्न त्याच विचारू शकतात, मिस्टरांना तिथे आत सोडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर ज्या ताई स्वतः फिरतात ना, त्यांना प्रभागातल्या पाण्याच्या वेळा व्हॉल्व्हमनपेक्षा जास्त पाठ असतात.

भेटायला गर्दी करून जाऊ नका. पंधरा जण गेले की पंधरा विषय निघतात, कुणी पार्किंग, कुणी कुत्री, कुणी गणपतीची वर्गणी, आणि दादा सगळ्याला हो म्हणून मोकळे. तीन जण जा, एक विषय घेऊन जा. सकाळची वेळ बरी, पण सकाळी त्यांच्या ऑफिसात शाळेच्या ॲडमिशनची शिफारस, रेशनकार्ड, शहरी गरीब योजनेचा फॉर्म यांची रांग असते. नगरसेवकाचा निम्मा दिवस त्याच्यातच जातो आणि त्या लोकांचं काम आपल्या पेव्हर ब्लॉकपेक्षा अर्जंट असतं, तेव्हा थांबायची तयारी ठेवा.

पत्र मात्र नीट लिहा. "आमच्या भागात पाणी साचते तरी योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहिलं की योग्य ती कार्यवाही म्हणजे ते पत्र फाईलला लागतं. असं लिहा बघा:

"विषय: अमुक चौक ते अमुक मंदिर रस्त्यावर पावसाळी लाईन टाकण्याबाबत. वरील रस्त्याची लांबी अंदाजे १८० मीटर असून त्यावर पावसाळी लाईन नाही. पाऊस झाल्यावर दिव्याचा खांब क्र. अमुक ते अमुक या दरम्यान पाणी साचते व लगतच्या तीन इमारतींच्या पार्किंगमध्ये शिरते. सदर रस्ता मनपाच्या ताब्यात आहे. तरी या कामाचे पूर्वगणनपत्रक करून येत्या अंदाजपत्रकात तरतूद करून मिळावी. सोबत फोटो, नकाशा, रहिवाशांच्या सह्या."

बास, एवढंच. दिव्याच्या खांबावर नंबर रंगवलेला असतो तो बघून टाका, जेईला जागा शोधत फिरायला लागत नाही आणि "जागा आढळून आली नाही" हे उत्तर पण देता येत नाही. पूर्वगणनपत्रक म्हणजे आपलं इस्टिमेट. ते झाल्याशिवाय बजेटमध्ये आकडा टाकता येत नाही, म्हणून पहिली मागणी कामाची नाही, इस्टिमेटची करायची. याची एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावकच्या खिडकीवर द्या आणि स्वतःच्या कॉपीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेऊनच खाली उतरा. खिडकीवरचे "ठेवून जा, साहेब आले की देतो" म्हणाले तरी हलायचं नाही. पोच नसलेलं पत्र म्हणजे दिलेलंच नाही.

त्या पत्रातलं "ताब्यात आहे" हे वाक्य मी उगाच टाकलेलं नाही. उपनगरात निम्मी भांडणं इथेच अडतात. रस्ता डीपीवर (शहराच्या विकास आराखड्यावर) दाखवलाय, वीस वर्षं सगळे वापरतायत, पण जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर. अशा जागेवर महापालिकेला खर्च करता येत नाही. नगरसेवक इलेक्शनमध्ये "डांबर टाकून देतो" म्हणून जातो आणि मग अधिकारी फाईलवर एक ओळ लिहून परत पाठवतो. त्यामुळे आधीच विचारून घ्या. ताब्यात नसेल तर मागणी बदलते, मग डांबर मागायचं नाही, भूसंपादन मागायचं, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जास्तीचं बांधायचा हक्क) देऊन होतंय का रोख मोबदला लागेल ते बघायला लावायचं. हे काम लांबतं, पण नगरसेवकाने खरं वजन वापरावं असं काम हेच आहे, बाकं बसवणं नाही. सोसायटीच्या कंपाउंडच्या आतल्या रस्त्याचं पण हेच, तो आपला आपण करायचा.

वेळ. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यावर कोणी बोलतच नाही. महापालिकेचं वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. त्याआधी आयुक्त बजेटचा मसुदा स्थायी समितीपुढे ठेवतात, सोळा नगरसेवकांची ही समिती, ती त्यात आपली भर घालते आणि मग मुख्य सभा मंजूर करते. म्हणजे मे महिन्यात खड्डे बघून गेलात तर बजेट होऊन गेलेलं असतं आणि उत्तर येतं "वर्गीकरणातून बघू". वर्गीकरण म्हणजे एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे. कधी कधी होतं, पण ज्याचे पैसे वळवले तो पण कोणाचा तरी रस्ताच असतो. त्यामुळे पत्र गणपतीच्या आसपास पडायला हवं, दिवाळीपर्यंत इस्टिमेट, आणि डिसेंबरात नगरसेवकाला परत भेटून "यादीत आहे ना" एवढंच विचारायचं. छोटी कामं 'स' यादीतून होतात, ती नगरसेवकांच्या स्वतःच्या सुचवलेल्या कामांची यादी, आणि खरं तर बाकं, कापडी पिशव्या आणि चौकाचौकातल्या नामफलकांचं माहेरघर. तिथे तुमची पावसाळी लाईन घुसवायची असेल तर लवकर जा.

पुण्यात अजून एक रस्ता आहे जो नगरसेवकाला वळसा घालून जातो. २००६-०७ पासून महापालिका नागरिकांकडून थेट कामं मागवते, एका कामाला ५ लाखांपर्यंत. साधारण पावसाळ्याच्या शेवटी जाहिरात येते, फॉर्म भरायचा. दोन दिवे, फूटपाथचा तुकडा, बस स्टॉपला शेड, असल्या गोष्टींना बरं आहे. फक्त फॉर्म भरला की नगरसेवकाला कळवा, नाहीतर मधेच ते काम कोणाच्यातरी यादीत जाऊन "दादांच्या संकल्पनेतून" होतं. झालं तरी हरकत नाही म्हणा, लाईन पडली ना.

आता क्षेत्रसभा. २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात आली, गावात जशी ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा, आणि अध्यक्ष नगरसेवक. किती जणांनी पाहिलीये? नवीन नगरसेवक आहेत तोवर लेखी मागणी करून ठेवा, पहिल्या वर्षात ऐकायचा मूड असतो. ती नाही झाली तर प्रभाग समितीची मीटिंग कधी आहे ते क्षेत्रीय कार्यालयातून काढा आणि तुमचा प्रश्न नगरसेवकाकडून तिथे मांडून घ्या. तिथे पाणी, ड्रेनेज, रस्ते सगळ्या खात्यांचे लोक एका टेबलावर असतात, त्यामुळे "ते ड्रेनेजवाल्यांनी खोदलं" म्हणून हात झटकता येत नाहीत.

काम मंजूर झालं की बरेच जण सुटलो म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. २०१८ मध्ये सरकारने परिपत्रक काढलं की दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कार्यालयातल्या फायली नागरिकांना बघायला ठेवायच्या, अर्ज न करता. त्याचा दाखला देऊन जा आणि फाईल मागा. नाहीच दाखवली तर माहिती अधिकार, अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आपल्या राज्यात दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला तीस दिवस. "काम का रखडले" असं विचारू नका, कारणं द्यायला ते बांधील नाहीत, कागद मागा: इस्टिमेट, वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाची मापं लिहितात ते), बिल. मोजमाप पुस्तकात १८० मीटर आणि जागेवर टेप लावला तर दीडशे, हे निघालं की तो कागद घेऊन सरळ नगरसेवकाकडे. विरोधी पक्षातला असेल तर तुम्हाला पुढचं काही सांगायलाच लागणार नाही, तो मुख्य सभेत प्रश्न टाकतो.

उद्घाटनाला बोलावलं तर जा, फोटोत पण उभे राहा. फ्लेक्सवर 'कार्यसम्राट' लिहिलं म्हणून चिडणारे काही काका असतात, त्यांना शांत करा, त्या माणसाला पुढच्या वेळी पण आपल्या गल्लीत यावंसं वाटलं पाहिजे. तेवढ्यात जेईला बाजूला घेऊन दोषदायित्व कालावधी किती आहे ते विचारून घ्या, टेंडरमध्ये लिहिलेला असतो. तेवढ्या काळात लाईन खचली तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते, महापालिकेचे परत पैसे लागत नाहीत. वर्क ऑर्डरची कॉपी सोसायटीच्या फाईलला लावा आणि त्या कालावधीची शेवटची तारीख वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण तोवर तुमचा सेक्रेटरी बदललेला असेल आणि जेईची पण बदली झालेली असेल.