बीपीची कॉम्बिनेशन गोळी चालू झालीय? आधी स्ट्रिप उलटी करून वाचा

दोन वर्षांपूर्वी आईची बीपीची गोळी बदलली. आधी साधी ॲम्लोडिपिन ५ होती, पण वरचं बीपी १५०-१६० च्या खाली येईना म्हणून डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी लिहून दिली. जुनी बंद करा असं कोणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि ओपीडीच्या गर्दीत आईच्या कानावर गेलं नसेल, ती बिचारी दोन्ही घेत राहिली, तीन आठवडे. दोन्ही घोटे सुजले, चप्पल पायात जाईना, आणि एक दिवस भांडुप स्टेशनच्या पुलाचा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. शेजारच्या एका बाईने दंड धरला म्हणून पडली नाही. त्या रात्री मी दोन्ही स्ट्रिप घेऊन बसले आणि तेव्हा लक्षात आलं की ॲम्लोडिपिन रोज डबल जातंय. १० चा डोस काही जणांना देतातसुद्धा, पण तो डॉक्टरांनी ठरवून द्यायचा असतो, असा चुकून जायला नको.

म्हणून हे सगळं लिहितेय. कॉम्बिनेशन गोळी दिसते एक, पण आत औषधं दोन किंवा तीन असतात, आणि तुमच्या गोळीत काय काय आहे हे तुम्हाला स्वतःला माहीत पाहिजे.

स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात असतं ते कंपनीने दिलेलं नाव. ते विसरलात तरी चालेल. त्याच्या खाली किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात औषधांची नावं आणि मिलिग्रॅम असतात, चष्मा लावून ते वाचा, नाहीतर मोबाईलने फोटो काढून मोठं करून बघा. नावाच्या शेपटावरून औषध ओळखायला शिकलात तर फार सोपं जातं. शेवटी 'सार्टन' असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन) तर ते रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हार्मोनचं काम अडवतं. 'डिपिन' (ॲम्लोडिपिन, सिल्निडिपिन) रक्तवाहिन्या सैल करतं. 'लोल' (मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल) हृदयाचे ठोके कमी करतं. आणि हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल तर ती लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी गोळी. ब्रँडच्या नावापुढे 'एएम' किंवा 'एच' असतं, त्यात एएम म्हणजे बहुतेक वेळा ॲम्लोडिपिन आणि एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, पण नुसत्या अक्षरांवर जाऊ नका, बारीक अक्षरच खरं. अजून एक घोळ म्हणजे एस-ॲम्लोडिपिन. ते २.५ घेतलं तरी साध्या ॲम्लोडिपिन ५ एवढं काम करतं, म्हणजे आकडा अर्धा दिसला तरी डोस अर्धा झालेला नसतो.

हे वाचायची गरज मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त पडते. संध्याकाळी सात वाजता स्टेशनबाहेरच्या मेडिकलवर गर्दी असते, तुमची गोळी संपलेली असते आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, काकी हीच आहे, फक्त कंपनी वेगळी. खरंच तीच असू शकते. पण एकदा आमच्याकडे एएमच्या जागी एच आली होती आणि एकदा ४० च्या जागी ८०, दोन्ही वेळा घरी आणून वाचल्यावर कळलं. आता काउंटरवरच जुनी रिकामी स्ट्रिप शेजारी धरून औषधांची नावं आणि मिलिग्रॅम जुळवते, मागे रांग असली तरी. कंपनी बदलली तर हरकत नाही, जनऔषधी केंद्रातली जेनेरिक घेतलीत तरी चालते आणि बरीच स्वस्त पडते, फक्त आतलं औषध आणि आकडा तोच हवा.

नवीन गोळी लिहून दिली की डॉक्टरांना तिथेच विचारा, जुनीतलं काय बंद करायचं? घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून घेऊन जा, शुगरच्या, थायरॉइडच्या, गुडघ्याच्या, सगळ्या. हार्टचे डॉक्टर वेगळे आणि फॅमिली डॉक्टर वेगळे असतील तर नक्कीच, कारण एकाने 'सार्टन' दिलेलं असताना दुसऱ्याकडची जुनी 'प्रिल' (रॅमिप्रिल, एनालाप्रिल, ही पण बीपीचीच औषधं) चालू राहिली असं होऊ शकतं आणि ही दोन एकत्र घ्यायची नसतात, किडनीला धोका असतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. बंद झालेली स्ट्रिप त्याच दिवशी घरातून बाहेर काढा. आमच्याकडे ती डब्यात राहिली म्हणून तर सगळं झालं.

दोन औषधं एकत्र कशाला, एकाचाच डोस वाढवला तर? हा प्रश्न आईने पण विचारला होता. दोन वेगळ्या वाटांनी थोडं थोडं काम केलं तर बीपी जास्त उतरतं आणि साइड इफेक्ट कमी राहतात, शिवाय ॲम्लोडिपिनने पाय सुजतात ते 'सार्टन' सोबत असलं की जरा कमी सुजतात. आणि एकच गोळी असली की विसरणं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या, त्यात टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन पण आहे. म्हणजे दोन औषधं लागली म्हणून आपलं काहीतरी फार बिघडलंय असं मनाला लावून घेऊ नका.

आता वेळ. रोज एकच ठरलेली वेळ. टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन जेवणाआधी, जेवणानंतर, कधीही चालते, मग दात घासणं, सकाळचा चहा, रात्रीचं जेवण, जे कधी चुकत नाही त्याला जोडून टाका. लघवीची गोळी आत असेल तर सकाळीच, रात्री घेतली तर झोप मोडते आणि अंधारात उठून बाथरूमला जाताना म्हातारी माणसं पडतात. पण मुंबईत सकाळची पण अडचण आहेच. विरार, बदलापूरहून निघणाऱ्याला लोकलमध्ये दीड तास टॉयलेट नाही, आणि या गोळीचा असर साधारण दोन तासांत सुरू होतो, त्यामुळे कितीतरी लोक, बायका जास्त, ऑफिसच्या दिवशी गोळीच खात नाहीत किंवा पाणी पीत नाहीत. दोन्ही वाईट. त्यापेक्षा ऑफिसला पोचल्यावर घ्या, रोज तीच वेळ, रविवारी पण, आणि डॉक्टरांना तसं सांगून ठेवा. पहिले काही दिवस जास्त जावं लागतं, मग कमी होतं.

गोळी राहिली तर आठवेल तेव्हा घ्या, पण दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्या. दोन एकदम कधीच नाही. घेतली की नाही आठवतच नसेल तरी दुसरी घेऊ नका. कॅलेंडरवर त्या तारखेला टिक मारायची सवय लावा, भिंतीवरचं नेहमीचं कॅलेंडर चालतं.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. टेल्मिसार्टन हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ती गोळी खायच्या वेळेलाच स्ट्रिपमधून काढायची असते. आम्ही आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत गोळ्या सोलून ठेवायचो, आणि जुलैत मुंबईची हवा कशी असते ते सांगायला नको, पापड मऊ होतो तिथे गोळीचं काय. आता कात्रीने स्ट्रिपचा एक-एक चौकोन कापून पॅकिंगसकट डबीत ठेवते. कापताना एक्सपायरीचा भाग शेवटपर्यंत राहू द्या, आणि मेडिकलवाला पाच गोळ्या कापून देत असेल तर तारखेची बाजू मागा किंवा तारीख पेनाने लिहून घ्या. ओट्यावर, फ्रिजच्या डोक्यावर, बाथरूममध्ये औषध ठेवू नका. आणि मनाने गोळी अर्धी करू नका, काही गोळ्यांत दोन औषधांचे दोन थर असतात, अर्धा डोस हवा असेल तर डॉक्टर तसं लिहून देतील.

सोबत बाकी काय खाताय त्याने पण फरक पडतो, आणि इथे लोक फार गाफील असतात. गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन आपण शेंगदाण्यासारखे खातो. याने बीपी वाढतं, आणि 'सार्टन', लघवीची गोळी आणि पेनकिलर हे तिन्ही एकत्र आले की किडनी एकदम बसू शकते. अंग दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल त्यामानाने बरी, तीही प्रमाणात. सर्दीच्या मिक्स गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, नाक मोकळं होतं पण बीपी चढू शकतं, म्हणून सर्दीची गोळी मागताना मला बीपी आहे हे आधी बोला. फसफसणाऱ्या ॲसिडिटीच्या पावडरीत सोडियम भरपूर असतं. ज्येष्ठमध घरगुती म्हणून निरुपद्रवी वाटतं, पण रोज खाल्लं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. याच्या उलट लो सोडियम मीठ, त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम घातलेलं असतं आणि 'सार्टन' आधीच पोटॅशियम वाढवणारं, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता ते सुरू करू नका. किडनीचा त्रास असेल तर रोजच्या नारळपाण्याचं पण विचारा. साधं मीठच कमी करा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे एक छोटा चमचा सगळं मिळून, ज्यात लोणचं, पापड, फरसाण, खारवलेली सुकी मासळी पण मोजायची.

पावसाळ्यात पोट बिघडलं, उलट्या-जुलाब सुरू झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना 'सार्टन' आणि लघवीची गोळी चालू राहिली तर बीपी खूप पडू शकतं आणि किडनीवर ताण येतो, बरेचदा डॉक्टर एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. तब्येत चांगली असतानाच एकदा विचारून कागदावर लिहून ठेवा की अशा वेळी कुठली थांबवायची आणि परत कधी चालू करायची. उपवासाचं पण तेच. हरतालिकेला निर्जळी करणाऱ्या बायकांनी गोळी आणि पाणी याबद्दल आधीच विचारून घ्या. आई आता पाणी पिऊन करते, आणि मला वाटतं देवीला त्याचा राग नाही येणार.

गोळी सुरू करायच्या आधी आणि सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते यावरून कळतं), सोडियम, पोटॅशियम बघतात, डॉक्टर विसरले तर तुम्ही आठवण करा. लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा सुजू शकतो, शुगर थोडी वाढू शकते. मूल हवंय किंवा पाळी चुकलीय तर 'सार्टन', 'प्रिल' बाळासाठी धोक्याचे आहेत, लगेच डॉक्टरांकडे. हल्ली तिशीत बीपी निघतं म्हणून मुद्दाम सांगतेय.

बीपी मोजायचं सकाळी, गोळी घ्यायच्या आधी. लघवी करून या, पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पायावर पाय नको, दंड हृदयाच्या उंचीला, आणि अर्धा तास आधी चहा नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. घरी १३५/८५ च्या वर सतत राहत असेल तर वही घेऊन डॉक्टरांकडे. ॲम्लोडिपिनचा पूर्ण असर यायला आठवडाभर लागतो, त्यामुळे दोन दिवसांत गोळी लागू नाही म्हणून सोडू नका. आणि नॉर्मल आलं म्हणूनही सोडू नका, नॉर्मल आलंय ते गोळीमुळे. 'लोल' वाली तर एकदम बंद केली की ठोके आणि बीपी उसळतात, छातीत दुखू शकतं.

उठताना चक्कर येत असेल तर आधी काठावर बसा, मग उभं राहा, आणि डॉक्टरांना कळवा. ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास अडकला तर थेट हॉस्पिटल. बीपी १८०/१२० च्या वर दिसलं तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली ताकद जाणं, बोलताना जीभ जड होणं यातलं काहीही असेल तर १०८ लावा. काही त्रास नसेल तरी आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. मनाने जादा गोळी चावू नका, जिभेखाली काही ठेवू नका, बीपी धाडकन पडणं पण घातक असतं.

गणपतीला गावी जाताना आम्ही आता पंधरा दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या नेतो, कारण तळकोकणातल्या छोट्या मेडिकलमध्ये नेमकं तेच कॉम्बिनेशन मिळेल याची खात्री नाही. बॅग सीटखाली जाते, गोळ्या मात्र आईच्या पर्समध्ये, स्ट्रिपसकट, आणि सोबत एक चिठ्ठी ज्यावर ब्रँड न लिहिता लिहिलंय, टेल्मिसार्टन ४०, ॲम्लोडिपिन ५, रोज एक, रात्री जेवणानंतर.